औषधाचा पोटावर होणारा परिणाम कसा मोजतात? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून हे प्रश्न येत राहतात. कुणी शिरपूरला फार्मसी शिकतंय, कुणाच्या वडिलांना ‘जठराचा स्कॅन’ सांगितलाय, कुणाला नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचं बोलावणं आलंय. मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे वर्गातले प्रश्न आणि घरातले प्रश्न दोन्ही माझ्यापर्यंत येतात. ते ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत शक्यतो ठेवले आहेत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागू नये म्हणून उत्तरांत दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत. तुमची तपासणी करायची की नाही आणि कोणती गोळी थांबवायची, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. गोळीने पोट बिघडलं हे आमचं आम्हाला कळतंच. त्यात मोजायचं काय?

‘पोट बिघडलं’ ही तक्रार झाली. माप घ्यायचं तर आधी नेमकं काय बिघडलं हे ठरवावं लागतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने एकाला पातळ होतं, कोडीन असलेल्या औषधाने दुसऱ्याला चार-चार दिवस होत नाही आणि डायक्लोफेनॅकने तिसऱ्याच्या जठराला आतून जखम होते. तिघेही घरी येऊन एकच वाक्य बोलतात. पण पहिल्या दोघांत आतड्याची चाल आणि आतलं पाणी बदललंय, तिसऱ्यात अस्तर फाटलंय. दोन्ही मोजायची साधनं वेगळी.

ढोबळमानाने पाच गोष्टी मोजल्या जातात. अन्न किती वेगाने पुढे सरकतं, आम्लासारखे स्राव किती होतात, अस्तर शाबूत आहे का, अन्न-औषध किती शोषलं जातं आणि माणसाला स्वतःला काय जाणवतं. पाचवी गोष्ट दुय्यम समजू नका. यंत्राचा आकडा सुधारला आणि माणूस तसाच कळवळत राहिला, तर औषध चाललं असं कोण म्हणेल?

२. माणसाच्या पोटात डोकावून हे सगळ्यात आधी कुणी पाहिलं?

अमेरिकेत १८२२ साली मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा छरा जवळून लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कायमचं उघडं राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने पुढची काही वर्षं त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि १८३३ मध्ये पुस्तक छापलं. जठराचा रस अन्न रासायनिक रीतीने विरघळवतो, हे त्यातून पक्कं झालं. मार्टिन मात्र त्या डॉक्टरच्याच घरी चाकरी करत होता, आणि नकार द्यायला तो कितपत मोकळा होता हा प्रश्न त्या इतिहासाला आजही चिकटलेला आहे. म्हणूनच प्रश्न १९ मी इतका लांब लिहिला आहे.

३. जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो, हे कसं मोजतात?

सर्वांत विश्वासाची पद्धत म्हणजे न्यूक्लियर मेडिसिन विभागातला स्कॅन. ठरावीक जेवणात टेक्निशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोडा मिसळतात. तो अन्नाला घट्ट धरून राहतो, शोषला जात नाही. जेवल्यावर लगेच, मग एक, दोन आणि चार तासांनी कॅमेऱ्यासमोर उभं करून जठरात किती उरलंय ते पाहतात. २००८ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या पद्धतीत हे जेवण अंड्याचा पांढरा भाग, पावाचे दोन तुकडे, जॅम आणि पाणी असं आहे, सुमारे २५५ कॅलरींचं. त्या जेवणाला दोन तासांनी ६० टक्क्यांहून जास्त किंवा चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त उरलं, तर जठर मंद आहे असं म्हणतात.

चार तास थांबायचा लोकांना कंटाळा येतो. “दीड तासात उरकून द्या ना” असं सर्रास सांगतात. उरकू नका. मंद जठर पहिल्या दीड तासात अनेकदा साध्या जठरासारखंच दिसतं, फरक शेवटच्या दोन तासांत उघडा पडतो.

औषधाचा परिणाम पाहायचा असेल तर हाच स्कॅन त्याच माणसावर दोनदा करतात, एकदा औषधाविना आणि एकदा औषध देऊन. कारण कुठलंही औषध न घेता त्याच माणसाचं जठर आज आणि पुढच्या आठवड्यात दहा-वीस टक्क्यांनी मागेपुढे होऊ शकतं. एकदाच मोजलं तर तो फरक औषधाच्या नावावर जमा होतो.

४. आम्ही अंडं खात नाही. मग हा स्कॅन होणारच नाही का?

होतो. भारतात काही ठिकाणी इडलीत तो पदार्थ मिसळून देतात. अडचण वेगळीच आहे. वरचे ६० आणि १० टक्क्यांचे आकडे अंड्याच्या जेवणाचे आहेत. इडली, खिचडी किंवा उपमा दिला तर त्या जेवणासाठी निरोगी माणसांवर आधी काढलेले आकडे हाताशी हवेत. जेवण बदललं की पट्टी बदलली.

कारण जठर प्रत्येक पदार्थाला वेगळं वागवतं. पाणी झपाट्याने निघून जातं. घन अन्न आधी दळलं जातं, त्याचे कण एक-दोन मिलीमीटरपर्यंत बारीक झाल्यावरच पुढचं दार त्यांना सोडतं, त्यामुळे सुरुवातीला काही वेळ जठर रिकामं होतच नाही. तेल-तूप असेल तर आणखी उशीर. तर्रीची शेवभाजी आणि साधा वरणभात यांचा हिशेब एक कसा असेल? म्हणून तपासणी केंद्रात विचारा: “तुम्ही जे जेवण देता, त्याचे नॉर्मल आकडे तुमच्याकडे आहेत का?” हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

५. किरणोत्सारी पदार्थ खायचा म्हणजे भीती वाटते.

टेक्निशियमची ताकद दर सहा तासांनी निम्मी होते आणि मात्रा छोटी असते. या स्कॅनचा डोस आपल्याला जमिनीतून, आकाशातून वर्षभरात नैसर्गिकरीत्या मिळणाऱ्या किरणोत्सारापेक्षा कमी असतो. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, बाळाला अंगावर पाजत असाल, तर आधी सांगा. अशा वेळी किरणोत्सार नसलेली पद्धत (प्रश्न ६) किंवा सोनोग्राफी सुचवता येते.

६. नळीत फुंकून पोटाचा वेग कळतो, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रकार कार्बन-१३ चा. निसर्गातल्या सगळ्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्का कार्बन थोडा जड असतो. तो किरणोत्सारी नाही. या जड कार्बनने बनवलेलं ऑक्टॅनोइक आम्ल किंवा स्पिरुलिना शेवाळ जेवणात घालतात. ते जठरात शोषलं जात नाही. लहान आतड्यात उतरलं की शोषलं जातं, शरीर ते जाळतं आणि जड कार्बन डायऑक्साइड श्वासातून बाहेर येतो. श्वासात तो जितक्या लवकर चढतो, तितक्या लवकर जठर रिकामं झालं.

दुसरा प्रकार हायड्रोजनचा. लॅक्ट्युलोज ही साखर आपल्याला पचत नाही. ती मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि हायड्रोजन सोडतात. प्यायल्यापासून हायड्रोजन चढेपर्यंतचा वेळ म्हणजे तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंतचा प्रवास. दोन खोड्या आहेत. लॅक्ट्युलोज स्वतःच आतड्याला पळवतं, त्यामुळे मिळालेला वेळ जेवणाच्या खऱ्या प्रवासापेक्षा कमी येतो. शिवाय काही लोकांचे जिवाणू हायड्रोजनऐवजी मिथेन बनवतात, तेव्हा मिथेनही मोजावा लागतो.

७. फुंकायच्या तपासणीआधी भाकरी खाऊ नका, असं का सांगितलं? ज्वारीनं काय घोडं मारलं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, आणि तो आपल्याकडूनच यायला हवा होता.

झाडं हवेतला कार्बन दोन मुख्य रीतींनी धरतात. गहू, तांदूळ, हरभरा, भुईमूग ही एका रीतीची पिकं. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस दुसऱ्या रीतीची. ही दुसऱ्या रीतीची पिकं कडक ऊन सोसतात, म्हणून तर आपल्याकडे तग धरतात. त्यांच्यात जड कार्बन-१३ चं प्रमाण पहिल्या गटापेक्षा किंचित जास्त असतं. फरक हजारात १४ च्या आसपास, म्हणजे जिभेला, डोळ्याला काहीच कळणार नाही. पण श्वास तपासणारं यंत्र नेमकं त्याच हजाराच्या पट्टीवर मोजतं.

आता आदल्या रात्री दादर ज्वारीची भाकरी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा गुळाचा गोड पदार्थ खाल्ला असेल, तर सकाळी शरीर तेच जाळत असतं. तपासणीआधी घेतलेल्या श्वासाचा आकडा वजा करतात, त्यामुळे पातळी स्थिर असती तर बिघडलं नसतं. पण चार तासांत शरीर कालच्या भाकरीवरून साठवलेल्या चरबीकडे वळतं आणि पायाच सरकतो. औषधाने झालेला बदल छोटा असेल तर तो त्या सरकण्यात हरवतो. तपासणीत चालू-फिरू देत नाहीत तेही याचसाठी, हालचालीने कार्बन डायऑक्साइड तयार व्हायचा वेग बदलतो.

म्हणून आदल्या दिवशी भात-पोळीवर राहा. ज्वारी, बाजरी, मका, साखर, गूळ टाळा. केळी पहिल्या गटातली, त्यामुळे कार्बन-१३ च्या तपासणीला रावेर-यावलचं पिकलं केळं आड येत नाही. हायड्रोजनच्या तपासणीचं पथ्य मात्र वेगळं: डाळी, कांदा, गहू आणि कच्ची केळी आदल्या दिवशी नको, कारण त्यांचा न पचलेला भाग जिवाणूंपर्यंत पोचतो. तिथे साधा भात बरा. दोन्ही तपासण्यांचे पथ्याचे कागद शेजारी ठेवले तर उलटसुलट वाटतात, ते यामुळे.

जे अभ्यास परदेशात होतात त्यांच्या सूचनांत मका आणि उसाची साखर असते, भाकरीचा उल्लेख नसतो. आपल्याकडे मजकूर मराठीत आणताना कुणीतरी ज्वारी-बाजरी त्यात लिहायला हवी. नाहीतर रुग्ण पथ्य पाळूनही चुकतो.

८. पॅरासिटामॉल तर तापाची गोळी. तिने जठराचा वेग कसा कळतो?

पॅरासिटामॉल जठरात जवळजवळ शोषलं जात नाही, लहान आतड्यात मात्र भराभर शोषलं जातं. त्यामुळे गिळल्यावर रक्तात ते किती लवकर चढतं, यावरून जठराने ते कधी सोडलं हे कळतं. एडिंबरोच्या संशोधकांनी १९७३ मध्ये हे दाखवलं आणि त्याच वर्षी औषधांचा परिणामही मोजला: मेटोक्लोप्रमाइड दिल्यावर रक्तातली पातळी लवकर चढली, प्रोपँथेलीन दिल्यावर उशिरा. शेवटी शोषलेली एकूण मात्रा साधारण तीच, फक्त वेळ बदलली.

पद्धत स्वस्त आहे, काही वेळा रक्त काढलं की झालं. पण ती प्रामुख्याने पातळ पदार्थाची चाल दाखवते, भाकरीची नाही.

९. मोठ्या आतड्याचं काय? बद्धकोष्ठाच्या औषधाचा असर कसा पाहतात?

अन्न सर्वांत जास्त वेळ मोठ्या आतड्यात घालवतं, तासांत नाही, दिवसांत. म्हणून इथलं मोजमाप संथ असतं. १९६९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एक्स-रेत दिसणारे प्लास्टिकचे बारीक तुकडे गिळायला देऊन ते बाहेर पडताना मोजले. आज कॅप्सूलमध्ये २४ बारीक कड्या असतात. गिळल्यावर पाचव्या दिवशी पोटाचा एक्स-रे काढतात. पाचांहून जास्त कड्या उरल्या असतील तर आतडं मंद. सगळ्या कड्या खाली गुदाशयाजवळ साचल्या असतील तर आतड्याची चाल ठीक आहे, बाहेर टाकण्यात अडचण आहे, आणि तिथे जुलाबाची गोळी वाढवून फारसा उपयोग होत नाही.

घरी मक्याचे दाणे खाऊन ते कधी दिसतात ते पाहणारे लोक आहेत. कुतूहल म्हणून ठीक. त्यावरून औषध कमी-जास्त करू नका.

१०. संशोधनवाले शौचाची चित्रं दाखवून ‘यातलं कोणतं’ विचारतात. याला शास्त्र म्हणायचं?

म्हणायचं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये ही सात चित्रांची पट्टी प्रसिद्ध केली. एक नंबर म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखं सुटं आणि टणक, चार नंबर पिकल्या केळ्यासारखं मऊ आणि सलग, सात नंबर निव्वळ पाणी. शौचाचा आकार आतड्यातल्या मुक्कामाशी बऱ्यापैकी जुळतो, हे त्यांनी तपासून दाखवलं. दिवसाला एकदा चित्रावर खूण करायला कुणालाही जमतं, वाचता येवो न येवो.

खरी अडचण शब्दांच्या प्रश्नावलीत येते. पुस्तकी मराठीत ‘उदरवायू’ छापलेलं असतं. चोपड्याच्या आजी म्हणतात, “पोटमा गुडगुड व्हस.” कुणी ‘पोट गच्च वाटतं’ म्हणतं, कुणी ‘वारं धरलं’. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाला प्रमाण मराठीतला कागद वाचून दाखवला तर तो मान डोलावतो आणि ‘हो’ म्हणतो. ते ‘हो’ मोजमापात धरलं जातं. चांगल्या अभ्यासात प्रश्नावली स्थानिक बोलीत नेतात, मग दुसऱ्या माणसाकडून ती उलटी मूळ भाषेत आणतात आणि अर्थ टिकला का ते पाहतात. यावर वेळ आणि पैसा खर्च करायला हवा असं माझं ठाम मत आहे. स्कॅनर कितीही महागडा घेतलात तरी न समजलेल्या प्रश्नाचं उत्तर तो दुरुस्त करत नाही.

बद्धकोष्ठाच्या चाचण्यांत आणखी एक बारकावा असतो. नुसतं ‘किती वेळा झालं’ मोजत नाहीत. जुलाबाची दुसरी गोळी न घेता आपणहून झालं का आणि पोट साफ झाल्यासारखं वाटलं का, दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच ती वेळ धरतात.

११. अॅसिडिटीची गोळी काम करते, हे कसं ठरवतात?

नाकातून बारीक तार घालून तिचं टोक जठरात किंवा अन्ननलिकेच्या खालच्या भागात ठेवतात आणि २४ तास पीएच नोंदवतात. पीएच हे आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. दिवसातला किती वेळ पीएच ४ च्या वर राहिला, हा नेहमीचा आकडा. या पट्टीवर एक अंक म्हणजे दहापट, त्यामुळे २ वरून ४ वर जाणं म्हणजे आम्ल शंभरपट कमी होणं.

ओमेप्राझोल रक्तातून एखाद-दोन तासांत बरंचसं निघून जातं, तरी परिणाम दिवसभर टिकतो, कारण ते आम्ल सोडणारे पंप कायमचे बंद करतं आणि शरीराला नवे बनवावे लागतात. म्हणजे इथे रक्त तपासून परिणाम कळणार नाही, जागेवरच मोजावं लागतं. पंप चालू असतील तेव्हाच ही गोळी त्यांना पकडते, म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. पूर्ण परिणाम यायला तीनेक दिवस लागतात. पहिल्या दिवशी पीएच मोजून ‘गोळी फुकट गेली’ म्हणणं चूक. काहींचं यकृत ती आनुवंशिक कारणाने फार लवकर मोडतं, काहींचं सावकाश. त्यामुळे एकाच गोळीचा दोन सख्ख्या भावांवर वेगळा असर दिसू शकतो.

१२. सांधेदुखीच्या गोळ्यांनी आत जखम होते म्हणतात. ती शोधतात कशी?

कापूस वेचून, केळीचे घड उचलून कंबर धरते आणि माणूस मेडिकलमधून परस्पर गोळी घेतो. म्हणून हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही.

दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी, घालून जखमा मोजणं हा सरळ मार्ग. अभ्यासात साधारण ३ मिलीमीटरहून मोठी आणि खोली असलेली जखम अल्सर धरतात. लहान आतड्यापर्यंत साधी दुर्बीण पोचत नाही, तिथे गिळायचा कॅमेरा लागतो. जठरात न विरघळणारं आवरण दिलेल्या गोळ्याही पुढे लहान आतड्याला इजा करू शकतात, हे त्या कॅमेऱ्याने स्पष्ट दाखवलं. जुन्या पद्धतीत माणसाच्या स्वतःच्या लाल पेशींना क्रोमियम-५१ ची खूण करून शौचातून रोज किती रक्त जातं ते मोजत. निरोगी माणसाचंही दिवसाला एखादा मिलीलिटर जातं, अॅस्पिरिनने ते काही पट वाढतं. अस्तर ‘गळतं’ का हे पाहायला लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल या दोन साखरा पाजून लघवीत त्यांचं प्रमाण तपासतात.

पण काय मोजायचं ठरवलं यावर सगळं अवलंबून असतं, आणि त्याची एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत हवी. २००० साली रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाची ८,०७६ संधिवाताच्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तुलना नेप्रोक्सेन या दुसऱ्या वेदनाशामकाशी होती. जठराचे त्रास दर १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे १०० रुग्ण वर्षभर पाहिले तर) ४.५ वरून २.१ वर आले, म्हणजे निम्म्याहून कमी. पोटापुरतं पाहिलं तर उत्तम औषध. त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके मात्र नेप्रोक्सेनवाल्यांत ०.१ टक्के आणि रोफेकॉक्सिबवाल्यांत ०.४ टक्के होते. सप्टेंबर २००४ मध्ये औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. जठराची गती वाढवणारं सिसाप्राइड हेही हृदयाची लय बिघडवत असल्याने २०११ मध्ये भारतात बंद झालं. पोटाचं माप घेताना माणसाचं बाकीचं शरीर टेबलाबाहेर ठेवता येत नाही.

१३. निम्म्या लोकांना नुसती पिठाची गोळी देतात. ही फसवणूक नाही का?

आधी सांगून, संमती घेऊन देतात, त्यामुळे नाही. आणि पोटाच्या बाबतीत तिच्याशिवाय भागत नाही. चिडक्या आतड्याच्या आजाराच्या चाचण्यांत बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे ३० ते ४० टक्के लोकांना बरं वाटतं. हा आजार आपोआप कमी-जास्त होतो, आणि कुणी नीट विचारपूस केली की पोट शांत होतं. नव्या गोळीने ५० टक्क्यांना बरं वाटलं हा आकडा एकटा ऐकलात तर भारी वाटेल, शेजारी ४० ठेवला की खरा फायदा दिसतो.

जिथे शक्य असेल तिथे प्रत्येकाला दोन्ही गोळ्या पाळीपाळीने देतात, मध्ये पहिल्या औषधाचा असर धुऊन जाईल इतके दिवस सोडून. त्याचं कारण प्रश्न ३ च्या शेवटी आहे.

१४. उपवास, चहा, बिडी, उन्हाळा यांनी तपासणी चुकते का?

चुकते, आणि ‘काही खाल्लं नाही’ याचा अर्थ आपल्याकडे माणसागणिक बदलतो. एकादशीला साबुदाणा खाल्लेला माणूस उपाशी नसतो. तपासणीसाठी उपाशी म्हणजे रात्रभर काहीच नाही, चहाही नाही, तंबाखूचा बारही नाही. बिडी-सिगारेटने घन अन्न जठरात रेंगाळतं. रक्तातली साखर फार वाढली असेल तरी जठर मंदावतं. उपाशीपोटी साखर २७५ च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलतात. स्त्रियांचं जठर पुरुषांपेक्षा सरासरीने सावकाश रिकामं होतं, म्हणून दोघांची सरमिसळ करून तुलना करू नये.

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. अंगातलं पाणी कमी झालं की शौच कडक होतं, औषध असो नसो. डिसेंबरात ‘आधीची’ आणि मेमध्ये ‘नंतरची’ नोंद घेतली, तर औषधाबरोबर ऋतूही मोजला गेला.

१५. तपासणीआधी चालू गोळ्या बंद करायच्या का?

विचारल्याशिवाय एकही नाही. जठराची गती वाढवणाऱ्या, पोटातल्या कळा थांबवणाऱ्या आणि अफूवर्गातल्या गोळ्या स्कॅनच्या ४८ ते ७२ तास आधी सहसा थांबवायला सांगतात. हेलिकोबॅक्टर या जिवाणूच्या श्वास किंवा शौच तपासणीआधी अॅसिडिटीची गोळी (ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे) दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, नाहीतर जिवाणू दबून बसतो आणि रिपोर्ट खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. याउलट, औषध चालू असतानाच्या परिणामाचा स्कॅन असेल तर गोळी घ्यायचीच असते. चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून घ्या.

१६. त्रिफळा, इसबगोल, सोनामुखी ही औषधं थोडीच? तीही सांगायची?

सांगायची. सोनामुखी आतड्याला थेट चालना देते, इसबगोल पाणी धरून शौच मऊ करतं. दोन्हींचा असर मापात दिसतो. काढा, चूर्ण, गावातल्या जाणत्याने दिलेली मुळी, सगळं सांगा. यावरून कुणी रागावलं तर चूक रागावणाऱ्याची.

१७. वजनाच्या आणि मधुमेहाच्या नव्या इंजेक्शनने जठर मंद होतं म्हणे. मग एका अभ्यासात ‘होतं’ आणि दुसऱ्यात ‘विशेष नाही’ असं का?

सेमाग्लुटाइडसारखी औषधं भूक कमी करतात आणि जठरही मंदावतात. पण दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांत हे मंदावणं सुरुवातीच्या आठवड्यांत जोरात असतं, पुढे शरीर सरावतं आणि ते ओसरतं. मग कधी मोजलं? दुसऱ्या आठवड्यात की पाचव्या महिन्यात? कशाने मोजलं? पॅरासिटामॉलने की घन जेवणाच्या स्कॅनने (प्रश्न ३ आणि ८)? या दोन प्रश्नांत बरीचशी विसंगती सुटते.

ओसरतं म्हणजे संपतं असं नाही. ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी असेल तर हे इंजेक्शन चालू असल्याचं भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगाच, उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं. याच औषधाची गोळी तर जठराच्या परिस्थितीला इतकी हळवी आहे की ती उपाशीपोटी, फार तर १२० मिलीलिटर म्हणजे अर्धा-पाऊण पेला पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.

१८. गोळी शौचातून अख्खीच बाहेर पडली. काळंही होतंय. औषध वाया गेलं की रक्त जातंय?

दोन वेगळे प्रश्न आहेत. मेटफॉर्मिन किंवा निफेडिपिनच्या काही हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांचं टरफल विरघळत नाही. औषध आतून झिरपून गेलेलं असतं आणि रिकामं कवच बाहेर पडतं. जोराचे जुलाब चालू असताना किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेलं असताना गोळी बाहेर पडली तर मात्र औषध पूर्ण मिळालं नसेल, डॉक्टरांना सांगा.

लोहाच्या आणि बिस्मथच्या गोळ्यांनी शौच काळसर होतं, ते रक्त नसतं. पण डांबरासारखं चिकट, चकाकतं आणि उग्र वासाचं काळं शौच, त्यासोबत चक्कर किंवा घाम, आणि घरात दुखण्याच्या गोळ्या चालू, असं असेल तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.

१९. माझ्या काकांना औषधाच्या चाचणीला बोलावलंय. आम्ही काय विचारायचं?

भारतात हे २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांखाली चालतं. काकांसोबत बसून पुढचं विचारा, आणि उत्तरं समजेपर्यंत सही करू नका.

नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियाचा नोंदणी क्रमांक काय? जून २००९ पासून चाचण्यांची तिथे नोंदणी सक्तीची आहे आणि कुणालाही ती फुकट पाहता येते. काकांना नेमकं काय करावं लागेल: किती वेळा रक्त, किती तास उपाशी, नळी घालणार का, किरणोत्सार आहे का? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? मध्येच सोडलं तर चालू उपचारावर परिणाम होईल का? याचं उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं.

संमतीपत्र काकांना समजणाऱ्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी हवा. नव्या रासायनिक औषधाची चाचणी असेल आणि माणूस दुर्बल गटातला असेल, तर समजावून सांगण्याचं आणि संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. आणि ‘डॉक्टरसाहेब म्हणाले म्हणून’ या कारणाने अंगठा देऊ नका. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत हे कारण मी फार ऐकलंय. घरी जाऊन चार दिवस विचार करतो, असं सांगितलेलं चांगल्या संशोधकाला चालतं.

पैशाचं: प्रवास आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळणं रास्त आहे. रक्कमच मोठी सांगून धोका आवरता घेत असतील तर उठून या.

२०. आम्ही कुठल्याच चाचणीत नाही, पण गोळीने पोटाचा त्रास झाला. आमचं कोण मोजणार?

तुमची नोंदही मोजली जाते. २०१० पासून भारताचा औषध सतर्कता कार्यक्रम चालू आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि रुग्ण स्वतः, तिघेही कळवू शकतात. चाचणीत काही हजार माणसं असतात, दुर्मिळ त्रास औषध लाखोंपर्यंत गेल्यावरच दिसतात.

फोन करण्याआधी एका कागदावर लिहा: गोळीचं पूर्ण नाव, ताकद आणि बॅच क्रमांक (पाकीट फेकू नका), कधी सुरू केली, पहिला त्रास कधी, शौच प्रश्न १० मधल्या कोणत्या चित्रासारखं, दिवसातून किती वेळा, गोळी थांबवल्यावर किती दिवसांत थांबलं, पुन्हा घेतली का आणि पुन्हा झालं का. सोबतची बाकीची औषधं, प्रश्न १६ मधलीसुद्धा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून लिहून घ्या, तारखांसकट.